आधी भाषण, मग शाल

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ मार्गदर्शक आदरणीय सुकदेवआबा, मंडळाचे चिटणीस हितेंद्रभाऊ, विद्यापीठातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, माझे सहकारी, माझे आजी-माजी विद्यार्थी, पिंप्राळ्याहून खास माझ्यासाठी रिक्षा करून आलेल्या माझ्या शेजारणी, आणि दाराशी उभं राहून चहा कधी येतो याचा अंदाज घेणारे माझे सर्व मित्रहो, तुम्हा सगळ्यांना चारुलता नेहेते हिचा मनापासून नमस्कार.

नावं बरोबर क्रमाने घेतली ना? बघा हं. एक नाव मागेपुढे झालं, तर उद्या सकाळी प्राचार्यांना फोन जातो. आपल्याकडे माणूस एकवेळ उपाशी घरी जाईल, पण मानाचा क्रम चुकलेला खपवून घेणार नाही. हसू नका. आज मी याच क्रमाबद्दल बोलणार आहे.

सूत्रसंचालक योगेंद्र सरांच्या हातात जो कागद आहे, त्यावर लिहिलं होतं, 'सत्कारमूर्तींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार', आणि त्याखाली 'सत्कारमूर्तींचे मनोगत'. मी मघाशी त्यांना विनंती केली की, सर, या दोन ओळींची अदलाबदल करा. सर घाबरले. म्हणाले, "मॅडम, आजवर असं कधी झालं नाही." मी म्हटलं, आजवर मीही कधी निवृत्त झाले नव्हते. शेवटी आबांनी मान हलवली म्हणून माझं जमलं. ती शाल तिथे ताटात घडी करून ठेवली आहे, शेजारी नारळ आहे. असू द्या. त्या दोघांनाही माझं ऐकू द्या.

इतकी वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं. या विषयाच्या बाईला लोक काय विचारतात माहीत आहे का? लग्नात भेटलेला माणूस विचारतो, "ताई, यंदा केळीचा भाव काय राहील?" शेजारीण विचारते, "मुलगी होईल का मुलगा?" पण या सगळ्यांच्या पोटात खरा प्रश्न एकच असतो. कशामुळे झालं, आणि त्यात कशाचा वाटा किती? दहावीचा निकाल लागला की आपल्या जळगावात काय होतं, आठवा. जिल्ह्यात पहिली आलेली पोरगी एक, पण तिचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर. तिघंही म्हणणार, आमच्यामुळे. घरी बाप म्हणतो, माझ्या शिस्तीमुळे. आई म्हणते, माझ्या गुरुवारांमुळे. आता पोरगी एकच आणि गुण तेवढेच, मग प्रत्येकाने आपला वाटा पूर्ण घेतला तर बेरीज कुठे जाईल?

माझं माहेर रावेरकडचं. हिवाळ्यात शेतात भरताचा बेत व्हायचा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. भरीत चांगलं झालं की श्रेयाचं वाटप सुरू. काका म्हणायचे, वांगं बामणोदचं आहे म्हणून. वडील म्हणायचे, कपाशीच्या काड्यांवर भाजलं म्हणून. काकू म्हणायची, मिरच्या माझ्या हातच्या ठेचलेल्या म्हणून. एकदा सगळं उत्तम जमलं आणि नेमकं मीठ घालायचं राहिलं. पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्याआधी कोणी कधी म्हटलं होतं का, की आजचं भरीत मिठामुळे झालं? नाही म्हटलं. कारण मीठ दर वेळी तेवढंच पडायचं. जे न चुकता रोज येतं त्याचं नाव कोणी घेत नाही. हे मीठ जरा लक्षात ठेवा. मला ते परत लागणार आहे.

आता मुद्द्यावर येते. हितेंद्रभाऊ घड्याळाकडे बघताहेत.

आपल्या मंडळाच्या शाळा जळगाव आणि धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांत आहेत. गेल्या वर्षी मंडळाने आमच्या विभागाला एक काम दिलं. दहावीचे निकाल काही शाळांत वर चढले आणि काही शाळांत तसेच राहिले, तर कशामुळे चढले ते शोधून काढा. कोणत्या गोष्टीचा वाटा किती, ते एका गोल चित्रात दाखवा. काम चांगलं होतं आणि प्रश्नही चांगला होता. मी आनंदाने होकार दिला, आणि आकडेमोड आमच्या विभागातल्या सर्वांत हुशार तरुण प्राध्यापकाकडे दिली. भूपेंद्र त्याचं नाव. तो बघा, तिसऱ्या रांगेत. उठू नकोस रे, बस.

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करते. पुढे मी जे सांगणार आहे, ते त्याने स्वतः मला सांगायला लावलं आहे. काल विभागात येऊन म्हणाला, "मॅडम, माझं नाव घेऊन सांगा. नाव न घेता सांगितलंत तर लोक दुसऱ्या कोणावर ढकलतील." तेव्हा टाळ्या वाजवायच्या असतील तर त्याच्यासाठी वाजवा.

वाजवल्यात. बरं वाटलं.

भूपेंद्रचं अक्षर सुरेख आणि संगणकावरचा हात त्याहून सुरेख. म्हणून मंडळाच्या सगळ्या निमंत्रणपत्रिका तोच तयार करतो. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाच्या मागे 'आदरणीय' आणि कोणाच्या मागे नुसतं 'मा.', हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि माझ्या या गुणी पोराने काय केलं? निकालावर परिणाम करणाऱ्या गोष्टी संगणकात भरताना त्याने त्या पत्रिकेच्या क्रमाने भरल्या. सगळ्यांत आधी 'कै. झुलालनाना डिजिटल फळा योजना', कारण झुलालनाना म्हणजे आबांचे वडील. मग सराव परीक्षा, कारण ती हितेंद्रभाऊंची योजना. मग शिक्षकांचा अनुभव. आईचं शिक्षण कोणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते त्याखाली. आणि सगळ्यांत तळाला पोरींना शाळेत आणणारी गाडी. तिला देणगीदारच नाही, त्यामुळे ती आभारप्रदर्शनाच्या जागी गेली.

हसताय? मीही हसले होते. पण संगणकाने ही यादी अगदी गंभीरपणे घेतली.

तो ज्या पद्धतीने हिशेब करत होता, त्या पद्धतीत जो पहिला उभा राहतो त्याला भरभरून मिळतं. सोपं करून सांगते. आपल्या शाळा जेव्हा एखादा सत्कार ठेवतात तेव्हा काय होतं? पहिल्या माणसाला हार घातला की सभागृह दणाणून जातं. दुसऱ्याला टाळ्या बऱ्यापैकी. सहाव्याच्या वेळी लोक खिशातून मोबाइल काढतात. सहाव्या माणसाचं काम कमी होतं का? तसं नसतं. त्याच्या वाट्याच्या टाळ्या आधीच्या पाच जणांनी नेलेल्या असतात. दोघांनी मिळून एक काम केलं असेल, तर ज्याचं नाव आधी पुकारलं त्याच्या खात्यात ते सगळं काम जातं, आणि मागच्याला उरलंसुरलं मिळतं.

आता आपल्या शाळांत काय झालं होतं ते ऐका. चाळीसगावकडची एक शाळा आणि धुळे जिल्ह्यातली साक्रीकडची एक शाळा, या दोन ठिकाणी वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना आणण्यासाठी मंडळाने गाडी सुरू केली. ज्या जूनमध्ये गाडी सुरू झाली, त्याच जूनमध्ये त्या शाळांत डिजिटल फळे बसले. एकाच महिन्यात. निकाल चढला. कोणामुळे चढला? फळ्यामुळे, गाडीमुळे, का दोघांमुळे? जे श्रेय दोघांचं मिळून होतं, ते पहिल्या नंबरवर उभ्या असलेल्या फळ्याने उचललं. गाडीची पाळी येईपर्यंत ताट रिकामं झालं होतं. त्या गोल चित्रात फळ्याचा वाटा निम्म्याहून जास्त दिसला आणि गाडीचा शंभरात दोन. एवढी बारीक फोड की तिच्यावर तिचं नाव मावेना, बाहेर बाण काढून लिहावं लागलं.

आणि हे चित्र माझ्यापर्यंत पोचायच्या आधी कार्यालयात पोचलं. छापलं गेलं. कोणीतरी त्याची चौकट करून भिंतीवरही लावली. लगेच विचार निघाला, की दोन टक्क्यांसाठी दोन गाड्या कशाला चालवायच्या? दिवाळीच्या सुट्टीनंतर गाड्या 'तात्पुरत्या' उभ्या राहिल्या त्या अजून उभ्याच आहेत. कायमच्या बंद करण्याचा ठराव उद्याच्या कार्यकारिणीत येणार आहे.

मी भूपेंद्रला बोलावलं. म्हटलं, हीच यादी उलटी कर. तळातलं वर घे. त्याने केली. आणि त्याच शाळा, तीच मुलं, तेच गुण असताना गाडीचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला, फळ्याला आभारप्रदर्शन मिळालं. पोराचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "मॅडम, मी फक्त मान सांभाळला हो." अरे बाबा, तेच तर!

मी दोन्ही चित्रं घेऊन हितेंद्रभाऊंकडे गेले. भाऊ, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, पाठीमागे सांगायची मला सवय नाही. भाऊंनी दोन्ही चित्रं पाहिली आणि विचारलं, "ताई, गणित दोन्हीकडे बरोबर आहे ना?" मी म्हटलं, आहे. भाऊ म्हणाले, "मग पहिलं छापून झालंय, तेच राहू द्या." आहे ना हजरजबाबी माणूस?

भाऊ, तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आज सगळ्यांसमोर देते. बेरीज दोन्हीकडे बरोबर आहे, पण उत्तर दोन्हीकडे अर्धंच आहे. गाडी पहिली घातली म्हणून जो निम्म्याचा आकडा आला, तोही मी कोणाला दाखवत फिरणार नाही. माझ्या बाजूचा आहे म्हणून खोटा आकडा खरा होत नाही. प्रामाणिक पद्धत अशी, की प्रत्येकाला प्रत्येक जागी उभं करून बघायचं. कधी पहिलं, कधी मधे, कधी शेवटी. जेवढे म्हणून क्रम होतील तेवढे सगळे करायचे आणि मग प्रत्येकाची सरासरी काढायची. भूपेंद्रने तेही केलं, न सांगता केलं. त्यात काय निघालं? आईचं शिक्षण आणि गाडी या दोन गोष्टी सगळ्यांत मोठ्या निघाल्या, जवळजवळ बरोबरीने. फळा तिसरा. म्हणजे फळा वाईट नाही, आबा. झुलालनानांचं नाव कुठेही कमी होत नाही. फळ्याने काम केलं आहे, पण त्याने शेजारणीचं कामही आपल्या नावावर लावून घेतलं होतं.

भाऊंनी मला आणखी एक गोष्ट दाखवली होती. म्हणाले, "ताई, या तक्त्यात बघा, फळ्यासमोरचा आकडा केवढा मोठा आहे, आणि घर ते शाळेच्या अंतरासमोरचा केवढासा." मी विचारलं, अंतर कशात मोजलंय? मीटरमध्ये. मग तो आकडा लहान येणारच. घर एक मीटर लांब गेलं तर निकालाला काय फरक पडणार? तेच अंतर कोसात मोजा, आकडा लगेच अंगावर येईल. पोरगी रस्ता तोच चालते, भाऊ. तुम्ही कशाने मोजलं यावर तिच्या पायाचे फोड कमी होत नाहीत.

योगेंद्र सर, काय आहे? चिठ्ठी? द्या. 'वेळेचे भान ठेवावे.' अक्षर कोणाचं आहे ते मी सांगत नाही. इतकी वर्षं मी पर्यवेक्षण केलंय, अक्षर ओळखते. चिठ्ठी मी पाण्याच्या ग्लासाखाली ठेवते आहे, उडून जायला नको.

तर मंडळी, इथपर्यंत हे आकड्यांचं भांडण होतं. आकड्यांच्या भांडणात मी हरले असते तरी मला वाईट वाटलं नसतं, त्यात हार-जीत चालतेच. पण मला एक खोड आहे. आकडा जिथून येतो ते ठिकाण मी एकदा जाऊन बघते. म्हणून एका रविवारी मी चाळीसगावची एसटी पकडली, तिथून पुढे एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या वस्तीवर गेले. तिथे धुरपदाबाई भेटल्या. त्यांची नात ऋतिका नववीत आहे. म्हणजे पटावर आहे. घरी अंगणात कापूस निवडत बसली होती.

मी विचारलं, पोरगी शाळेत का जात नाही? धुरपदाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, गाडी व्हती तवलगुन पोर शाळामा जाये. आते गाडी नही. नाला वलांडीसन एकली कशी धाडू? बठ्ठ्या पोरी घर बसन्यात." म्हणजे गाडी होती तोवर पोर शाळेत जायची, आता नाला ओलांडायच्या भीतीने सगळ्याच पोरी घरी बसल्यात.

मी, शहरातली शहाणी बाई, त्यांना समजवायला गेले. म्हटलं, शाळेत आता नवीन फळा आहे, त्यावर चित्रं हलतात, पोरींना लवकर समजतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "चांगला शे ना फळा. पन तुमना तो फळा पोरले लेवाले घर येस का?"

फळा पोरीला न्यायला घरी येतो का, हा प्रश्न आमच्या कोणत्याच तक्त्यात नव्हता. निघताना ऋतिका माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. एवढंच विचारलं तिने, "मॅडम, माझं नाव पटावर आहे ना अजून?"

आहे म्हटलं. मला रडू आलं, ते मी मोटारसायकलवर बसल्यावर आलं. सांगायला लाज कसली?

परत येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो मला कुठल्याही क्रमाच्या सरासरीत दिसला नव्हता. आपण काय मोजत होतो? दहावीचे गुण. गुण कोणाचे? जी परीक्षेला बसली तिचे. जी पोरगी घरीच बसली, तिचा निकाल कोणत्या टक्क्यात धरायचा? ती नापास नाही. ती कमी गुणांची नाही. ती आपल्या गोल चित्रात कुठेच नाही. उद्या गाडी बंद झाली, वस्तीवरच्या मुली गळाल्या, शाळेत फक्त गावातली, जवळ राहणारी, ट्यूशनवाली मुलं उरली, तर त्या शाळेचा निकाल काय होईल माहीत आहे? चढेल! चढेल हो, निकाल चढेल, आणि पुढच्या वर्षीचा अहवाल म्हणेल की गाडी बंद केल्याने फायदा झाला. हे शक्य आहे, आणि याचीच मला भीती वाटते.

आठवलं का मीठ? गाडी रोज यायची. न चुकता यायची. म्हणून तिचं नाव कोणी घेतलं नाही. आता ती काढून घेतली आहे आणि पहिला घास ऋतिकाच्या तोंडात गेला आहे. आपल्या तोंडात यायला अजून वेळ आहे, एवढंच.

आता सहीचं सांगते. कोणत्याही विभागाचा अहवाल विभागप्रमुखाच्या सहीशिवाय कार्यकारिणीत मांडायचा नाही, हा नियम या मंडळात आहे. कोणी केला? आबा, तुम्ही केलात. मी नवीन लागले होते तेव्हा, एका सभेत तुम्ही म्हणाला होता, "ज्याला समजतं त्याने सही करायची, ज्याला सोयीचं आहे त्याने नाही." मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी घरी जाऊन सांगितलं होतं. त्या नियमामुळे तो अहवाल इतके महिने माझ्या टेबलावर अडला होता. मी सही केली नाही. मला सांगून पाहिलं, समजावून पाहिलं. मग हा निरोप समारंभ मोठ्या सभागृहातून या खोलीत आणला. मला काही वाटलं नाही, इथे पंखे चांगले आहेत. शेवटी एकाने मला प्रेमाने सांगितलं, "ताई, कशाला ओढवून घेता? आज ना उद्या तुम्ही जाणारच आहात."

हो. जाणारच आहे. आज संध्याकाळी विभागाची किल्ली मी सुलक्षणाच्या हातात देणार. उद्यापासून ती विभागप्रमुख. आणि उद्याच सभा आहे. तारीख कोणी काढली ते मी विचारत नाही, पण संख्याशास्त्राच्या बाईला योगायोगाची शक्यता काढता येते हे तारीख काढणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं होतं.

सुलक्षणा, तू खाली मान घालू नकोस. मी या सगळ्यांसमोर तुला काहीही विचारणार नाही. तुझं घर आहे, लहान लेकरं आहेत, अजून खूप नोकरी बाकी आहे. असं बोलायला मला काय लागतं? मी तर आज मोकळी झाले. तू जे ठरवशील ते तुझं. मी आज एवढं सगळं बोलले ते एकाच कारणासाठी. उद्या ते लोक तुझ्यासमोर सहीसाठी कागद ठेवतील, तेव्हा त्या खोलीत तू एकटी असू नयेस. आता हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या पिंप्राळ्याच्या शेजारणींनासुद्धा माहीत आहे, म्हणजे उद्या दुपारपर्यंत निम्म्या जळगावला माहीत होईल.

आणि माझी सही? ती मी आज सकाळी केली. दचकू नका, भाऊ. अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'वाट्यांचे हे चित्र मला मान्य नाही. या आधारावर मुलींची गाडी बंद करणे चुकीचे आहे.' त्याखाली माझं पूर्ण नाव. नियम पाळला, आबा. जिला समजतं तिने सही केली.

कोणी म्हणेल, बाई, निरोपाच्या दिवशी गोड बोलावं. मी गोड बोलायला तयार आहे. या महाविद्यालयाने मला सगळं दिलं. माझ्या सहकाऱ्यांनी माझ्या तापट स्वभावाला सांभाळून घेतलं, शिपाईमामांनी परीक्षेच्या दिवसांत न मागता चहा दिला, विद्यार्थ्यांनी माझ्या फळ्यावरचं वाकडं अक्षर वाचून घेतलं. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे आणि राहीन. हे मी अगदी मनापासून म्हणते. पण या सगळ्यांनी मिळून मला जे काही बनवलं, ते काय फक्त निरोपाच्या दिवशी गोड बोलण्यासाठी?

आता त्या अदलाबदलीचं. सुरुवातीला सांगितलं होतं ना, शाल नंतर म्हणून?

नेहमीच्या क्रमाने शाल आधी आली असती. आबांनी ती माझ्या खांद्यावर घातली असती, नारळ हातात दिला असता, फोटो निघाला असता, तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. मग पांघरलेल्या शालीने मी इथे उभी राहिले असते आणि त्या उबेत माझी जीभ जड झाली असती. मीही माणूसच आहे. ऋतिकाच्या वाट्याला माझ्या मनोगतातली शेवटची दोन मिनिटं आली असती, उरलीसुरली, चहाच्या घाईतली. म्हणून मी आज तिला पहिल्या जागी उभं केलं. एकदा तरी तिचं नाव आधी पुकारलं जाऊ द्या.

बोलताना कोणाला लागलं असेल तर माझ्या जिभेला माफ करा, ती लहानपणापासून अशीच आहे, माझ्या आईनेही हात टेकले होते. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचा मान मागेपुढे झाला असेल, तर तोही माझाच दोष समजा आणि पोटात घाला. पण माझ्या हिशेबाला मात्र माफ करू नका. तो तपासा. चूक निघाली तर पिंप्राळ्याला माझ्या घरी या, मी दार उघडेन आणि चहाही देईन. तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत, भूपेंद्रसाठी टाळ्या वाजवल्यात, त्याबद्दल सगळ्यांचे आभार.

आबा, तुम्हाला एकच सांगायचं राहिलं. उद्या तो ठराव मांडायचा असेल, तर त्या शालीची घडी मोडू नका. पुढच्या कोणाच्या तरी सत्काराला ती चालेल, मी रागावणार नाही. आणि मांडायचा नसेल, तर या. मी आनंदाने मान झुकवेन, कारण या मंडळात मान झुकवावी असा माणूस माझ्या दृष्टीने तुम्हीच आहात, आजही.

मी इथेच उभी आहे. योगेंद्र सर, कागदावरची पुढची ओळ वाचा.